आत काय हाय?

‘दाबा. दोन्ही दाबा. मी म्हणूस्तोर सोडायचं न्हाई.’

समोरचा माणूस स्वतःच्याच फोनच्या कडेची दोन बटणं जिवाच्या कराराने दाबून उभा असायचा आणि भाऊ केबल हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत असायचे. त्याआधी एक प्रश्न ठरलेला होता. ‘आत काय हाय?’ त्याचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय केबल फोनला लागायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

तुमचाही फोन कधीतरी असा अडकला असेल. पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, जातं, पुन्हा येतं, आणि पुढे काही म्हणजे काही होत नाही. मग कुणीतरी सांगतं, सॉफ्टवेअर मारून घ्या. आमच्या अंबडला कोर्टासमोर ते सॉफ्टवेअर भाऊ मारायचे. दुकान माझं, ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं. त्यातलं अर्धं टेबल त्यांचं. सकाळी ‘जयभीम ताई’ म्हणून आत यायचे, स्वतःची खुर्ची फडक्याने पुसायचे आणि मग माझीही पुसायचे. मी नको म्हटलं तरी पुसायचे.

त्याआधी ते जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होते. तापलेल्या सळईने उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट नेलं. त्यानंतर घरी बसून व्हिडिओ बघत बघत हे काम शिकले. नवऱ्या मुलाच्या फोनपासून तलाठ्याच्या फोनपर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेले.

काम तसं सरळ होतं. त्या मॉडेलचं कंपनीचं अस्सल सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उतरवायचं, बटणं दाबून फोन निळ्या पडद्यावर आणायचा, चार फाइली चार रकान्यांत बसवायच्या आणि सुरू करायचं. पट्टी हळूहळू पुढे सरकायची आणि शेवटी हिरव्या चौकोनात ‘पास’ उमटायचं. ‘पास झाला बघा. पेढे वाटा,’ भाऊ म्हणायचे. पण ते सॉफ्टवेअर उतरवताना माझं सगळं इंटरनेट खायचे. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, पोरींची रांग दारापर्यंत, आणि माझं पान फिरतंय गोल गोल! मी ओरडायची, ‘भाऊ, बंद करा ते!’ ते शांतपणे म्हणायचे, ‘ताई, माणूस टेबलावर झोपवलाय. असं अर्ध्यात उठता येत न्हाई.’

शेवटच्या रकान्यासाठी दोन फाइली असायच्या. एक पुसणारी आणि एक राखणारी. ही नावं भाऊंनी ठेवलेली. राखणारीने काम झालं तर फोनातलं सगळं जिथल्या तिथं राहतं. पुसणारीने फोन दुकानातून नुकताच आणल्यासारखा कोरा होतो. राखणारीने भागत नसे तेव्हा पुसणारी लावावी लागे आणि म्हणूनच तो प्रश्न.

‘आत काय हाय?’

लोक गडबडायचे. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, ‘विशेष काही नाही, सुविचार आहेत.’ भाऊंनी विचारलं, ‘तुमचे का लोकायचे?’ ‘लोकांचे.’ ‘मंग दाबा बिनधास्त.’ एक तरणाबांड गडी म्हणाला, ‘काहीच नाही.’ बोटं बटणांवर ठेवली आणि ‘एक मिनिट’ म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसला. अर्ध्या तासाने आला, तो डोळे लाल करून. ‘दाबतो,’ म्हणाला. भाऊंनी त्याला आधी पाणी दिलं. एका म्हातारीला प्रश्न कळलाच नाही. ‘आत माझा नातू हाय ना,’ ती म्हणाली, ‘पुण्याला राहतो.’ भाऊंनी तिच्या नातवाला आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला, तो ‘आजी, मी इथंच आहे’ म्हणाला, तेव्हा कुठे तिने बटणं दाबली.

मला वाटायचं, हाताला बोटं नाहीत म्हणून लोकांकडून दाबून घेतात. गिऱ्हाइकांनाही तेच वाटायचं.

त्यांची बायको मी दोनदाच पाहिली, पण आवाज रोज ऐकायची. तिला लिहिता येत नव्हतं आणि यांना टाइप करायला जमत नव्हतं. त्यामुळे नवरा-बायकोचा सगळा कारभार व्हॉइस मेसेजवर. दुपारी एकच्या सुमाराला निरोप यायचा. ‘अवो, डबा खाल्ला का? झाकण बराबर लावा, मागल्या खेपी पिशवी तेलकट झाली.’ भाऊ मोठ्या आवाजात लावायचे, कारखान्यात राहून कान जरा मंद झाले होते. सगळ्या दुकानाला कळायचं की काल यांनी वांग्याची भाजी तशीच परत नेली. कामात असले की मात्र ऐकायचे नाहीत. ‘तेच असंल डब्याचं,’ म्हणायचे आणि फोन पालथा घालायचे. दिवसाला चार चार निरोप यायचे, त्यांतला एखादाच उघडायचे. मी बोलायची त्यांना यावरून. ‘बाई एवढं बोलते, ऐका तरी.’ ‘घरी गेल्यावर तेच ऐकायचं हाय, ताई.’

ती तापाने गेली. चार दिवसांत सगळं आटोपलं.

पंधरा दिवसांनी भाऊ दुकानात आले. माझी खुर्ची पुसली. मग पिशवीतून तिचा फोन काढला, कॉम्प्युटर सुरू केला. मुलीचं जालन्याला नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं, तिचा फोन फुटका होता. ‘चांगला फोन रिकामा कशाला ठेवायचा,’ म्हणाले. आणि मी बघत असताना त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोन्ही बटणं दाबली, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत केबल धरून टोचली, आणि कुणाच्याही मदतीशिवाय तो फोन कोरा केला. दाबणं-टोचणं तर पापणी लवेस्तोवर झालं.

मी म्हटलं, ‘भाऊ, तुम्हाला येतंय की! मग लोकांना कशाला त्रास देता?’

तेव्हा त्यांनी सांगितलं. अगदी सुरुवातीला एक धनगर आला होता, मेंढरं घेऊन खालच्या मुलखात चालला होता. फोन देऊन बाजारात गेला. भाऊंनी नवीन हुरूपात न विचारता पुसणारी फाइल लावली. तो परत आला, फोन उघडला, खालीवर केला आणि म्हणाला, ‘पुन्हा भरता येत न्हाई का?’ त्यात त्याच्या तान्ह्या मुलीचा एकच फोटो होता. मुलगी राहिली नव्हती.

‘भांडला न्हाई ताई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पायरीवर बसला बराच वेळ, मंग उठून गेला. तवापासून ठरिवलं, ज्याचा फोन त्यानंच दाबायचं.’

‘आणि आत्ता? हिच्या फोनात काय होतं ते विचारलंत का कुणाला?’ मी जरा जोरातच बोलले.

‘तिचं सगळं माझ्याकडं हाईच की,’ भाऊ म्हणाले. ‘तिनं धाडलेलं सगळं इकडंच आलेलं हाय.’

ते खरंच होतं. त्यांच्या फोनात तिचे दोन-तीन वर्षांचे निरोप होते आणि त्यांतले निम्म्याहून जास्त न ऐकलेले.

मग एक नवीन रीत सुरू झाली. एक वाजला की भाऊ डबा उघडायचे, हात पुसायचे आणि एक निरोप लावायचे. न ऐकलेल्यांपैकी एकच. दुसरा नाही. ‘उद्याला पायजे,’ म्हणायचे. आणि काय सांगू तुम्हाला, ती बोलायला लागली की वाटायचं, बाई घरीच आहे. ‘पाणी आलंय, मोटार लावून राह्यले मी.’ ‘पोरीला फोन करा, चिडलीय तुमच्यावर.’ ‘येताना कोथिंबीर आणा. पिवळी नका आणू मागल्यासारखी.’

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना भाऊ बाजाराच्या बाजूला वळले. मी म्हटलं, ‘इकडे कुठे?’

‘कोथिंबीर सांगितलीय,’ ते म्हणाले आणि गेले.

मी दारात कुलूप हातात घेऊन तशीच उभी राहिले. दोन वर्षांपूर्वीची कोथिंबीर.

त्यानंतर मला सवय झाली. तिने काळे हूक सांगितले की भाऊ ब्लाऊजचे काळे हूक आणायचे. घासलेट बत्तीच्या वाती सांगितल्या, तर त्या अंबडभर शोधून मिळाल्या नाहीत म्हणून दोन दिवस उदास होते. सुट्टीला घरी आलेली मुलगी मला एकदा दुकानात भेटली. म्हणाली, ‘काकू, बाबा काय काय आणून राह्यलेत काई कळत न्हाई. घरात कुणी शिवत न्हाई अन् हुकाची पाकिटं.’ मी तिला काही सांगितलं नाही. भाऊ तिच्या मागे उभे राहून माझ्याकडे बघत होते.

सगळ्यांना ते ‘जागा ठेवा, फोन तुंबू देऊ नका, कॉपी काढून ठेवा’ असं सांगायचे. स्वतःच्या फोनातलं मात्र एक अक्षर पुसायचे नाहीत आणि कॉपी काढायला बसले की ‘आज न्हाई, उद्या’ करायचे. त्यांना धास्ती वाटायची की कॉपी काढताना हात लागून एखादा निरोप उघडला जाईल आणि वाया जाईल. फोन रोज सांगायचा, जागा संपली. भाऊ तो इशारा डाव्या अंगठ्याने बाजूला सारायचे.

एके दिवशी एक वाजता त्यांनी डबा उघडला, हात पुसले, फोन उचलला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. गेलं. फोनने एक झटका दिला, ढुर्र. पुन्हा चिन्ह आलं.

भाऊंनी डबा बंद केला. झाकण बरोबर लावलं.

 मग कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उतरायला लावलं. त्या दिवशी माझ्याकडे दाखल्यांची गर्दी होती, पण मी सगळ्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि माझा कॉम्प्युटर बंद केला, सगळं इंटरनेट त्यांना मिळावं म्हणून.

फाइली उतरल्या तसे ते खुर्चीवरून उठले आणि टेबलाच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन उभे राहिले.

‘ताई, तुमी बसा तिकडं.’

‘मला काय येतंय त्यातलं?’

‘इतकी वर्षं बघून राह्यल्या. सगळं येतंय. ज्याचा फोन त्यानंच दाबायचं, मंग कॉम्प्युटरवर दुसरं कुणी पायजे का न्हाई?’ थोडं थांबून म्हणाले, ‘आधी इचारा.’

मी म्हटलं, ‘भाऊ, कशाला ते नाटक?’

‘इचारा, ताई.’

‘आत काय हाय?’ मी विचारलं. त्यांच्यासारखंच निघालं तोंडातून.

  एवढ्या लोकांना उत्तर देताना बघितलेला माणूस, पण त्याला ते जमेना. शेवटी म्हणाले, ‘घरचे निरोप हायेत. ऐकायचे राह्यलेत.’

मी राखणारी फाइल लावली. रकाना तीनदा तपासला. त्यांनी बटणं दाबली, मी केबल टोचली, निळा पडदा आला. पट्टी सरकू लागली. भाऊ तिकडे बघत नव्हते, समोरच्या कोर्टाच्या भिंतीकडे बघत होते. हिरवा चौकोन आला. पास.

‘पास झाला, भाऊ!’ मी ओरडलेच.

फोन सुरू झाला. चिन्ह आलं. गेलं. ढुर्र. पुन्हा चिन्ह.

आम्ही तीनदा केलं. नवीन केबल आणून केलं, जुनं सॉफ्टवेअर शोधून केलं. तिन्ही वेळा पास आणि तिन्ही वेळा तेच. भाऊंनीच मग मला समजावून सांगितलं, जसं ते दुसऱ्यांना सांगायचे तसं. फोन गच्च भरलाय. त्याला उठून बसायलासुद्धा जागा उरली नाही. राखणारी सगळं राखते, म्हणजे गर्दीही राखते. एखादा निरोप पुसला असता तरी चालला असता, पण आता आत जाता येत नाही.

‘मग?’

‘मंग पुसणारी.’

ती फाइल तिथेच होती, दुसऱ्या ओळीत. मी माऊसवर हात ठेवला. भाऊंनी बटणांवर बोटं ठेवली.  बाहेर कोर्टाचा शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता. मग त्यांनी एक बोट उचललं, मग दुसरं.

त्यानंतर ते फोन घेऊन मोठ्या शहरात कंपनीच्या सेंटरवर गेले होते. तिथल्या पोराने कागद पुढे केला, आतलं सगळं जाईल, इथे सही करा. ‘सही मागत्यात,’ परत येऊन म्हणाले. ‘बरोबर हाय त्यायचं. मी बी तेच करतो.’

यानंतर भाऊंचा धंदा बसला, तो त्यांनी स्वतःच बसवला. फोन अडकलेला माणूस यायचा, भाऊ विचारायचे आत काय हाय, तो सांगायचा पोरांचे फोटो आहेत, लग्नाचा व्हिडिओ आहे. भाऊ सगळं ऐकून घ्यायचे आणि फोन त्याच्या हातात परत द्यायचे. ‘राहू द्या. घरी न्या.’ ‘अहो, पण बंद आहे!’ ‘असू द्या. आत तर हाय.’ लोक माझ्याकडे बघायचे. मी काय सांगणार? एकाने तर तोंडावर म्हटलं, ‘याचं डोकं सरकलंय.’ मी त्या माणसाची झेरॉक्स काढायला नाही म्हटलं.

स्वतःचा फोन ते माझ्या ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावून ठेवायचे. बॅटरी मेली तर सगळंच संपेल अशी त्यांना भीती होती. घरी नेत नसत, ते ढुर्र ऐकलं की सुट्टीला आलेली मुलगी रडायची. त्यांना आशा होती, एक दिवस कुणीतरी काहीतरी काढील. रोज व्हिडिओ बघायचे त्यासाठी.

एक वाजला की डबा उघडून नुसते बसायचे. जेवायचे नाहीत. आठवडाभर मी ते बघितलं आणि मला बघवेना. मला राग आला, खरं सांगते, त्यांचा नाही, कुणाचा ते मलाही कळलं नाही. मी म्हटलं, ‘अवो, डबा खाल्ला का? येताना लिंबं आणा.’

दुकानात दोन वकील उभे होते. ते चमकून माझ्याकडे बघायला लागले. भाऊंनी मान वर केली. मग घास तोंडात घातला. संध्याकाळी बाजाराच्या बाजूला वळले.

मग मी रोज सांगायला लागले. उद्या जिरं, परवा साबण, एखाद्या दिवशी ‘पोरीला फोन करा’. गिऱ्हाइकांनी काय समजायचं ते समजू दे. महिनाभर चाललं असेल. ते जेवायचे आणि सांगितलेलं घेऊन जायचे. मला वाटलं, जमलं आपल्याला.

एकदा मी पुन्हा म्हटलं, ‘येताना लिंबं आणा.’

भाऊंनी हातातली भाकरी खाली ठेवली. ‘ताई, तुमी लई केलं,’ ते म्हणाले. ‘पण ती लिंबं न्हाई सांगायची कधी. दारात लिंबाचं झाड हाय आमच्या.’

 मागच्या वेळची लिंबं त्यांनी मुकाट्याने नेली होती.

‘कशी बोलायची ते बी इसरून राह्यलोय,’ ते म्हणाले. ‘तुमचाच आवाज येतो आता कानात.’

त्या दिवसापासून मी एक वाजता बाहेर जायला लागले, उगाच चहाच्या निमित्ताने.

पुढे काही महिन्यांनी एका सकाळी खुर्च्या पुसलेल्या दिसल्या नाहीत. झोपेतच गेले, असं मुलीने फोनवर सांगितलं. आईच्याच फोनवरून बोलत होती.

दहा-बारा दिवसांनी मुलगी त्यांचं सामान न्यायला आली. केबली, फडकं, कॉम्प्युटर. मी ड्रॉवर उघडून फोन तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतला.

‘तुमच्याकडंच राहू द्या, काकू,’ ती म्हणाली. ‘मी नेला तर एक दिवस दाबीन.’

तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, प्लगला लावलेला. चिन्ह येतं, जातं, आणि ढुर्र वाजतं, लाकडावर असल्यामुळे जरा मोठ्यानेच वाजतं. मला आता ऐकू येत नाही, इतकी सवय झाली. पण नवीन गिऱ्हाईक असलं की ते थांबतं, टेबलाकडे बघतं.

‘ताई, तुमचा फोन वाजून राह्यला.’

‘वाजू द्या.’

‘घ्या की. घरून असंल.’

‘हो, घरूनच आहे,’ मी म्हणते आणि त्यांचा फॉर्म भरायला घेते.